खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. टायर बोटभर रुंद, हँडल एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात मी बरेच दिवस टांगून होते. मेंढरं राखणाऱ्या घरातला रामकिसन कंपनीत नोकरीला लागला आणि त्यानं हौसेनं मला घरी आणलं.

त्याचं घर दौलताबादच्या घाटाच्या अगदी पायथ्याशी. अंगणातून निघालं की लगेच चढ. वळणावर तो पेडलवर उभा राही, त्याचा घाम माझ्या दांडीवर टपटपे आणि मी कुरकुरत का होईना, त्याला माथ्यावर नेई. "लई दम हाय गड्यात," असं लोक म्हणत. त्यातलं थोडं कौतुक मी स्वतःकडे ठेवून घेई.

खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं पुजतात. त्या सकाळी रामकिसन अंघोळीला गेला होता. त्याची आई सुगंधाबाई कुऱ्हाड आणि लोकर कातरायची कात्री पुजायला बसली, तिनं मलाही पुढ्यात घेतलं. हळदकुंकू वाहिलं. मग कात्रीला चोळतात तसं गोडेतेल मला चोळलं. दांडीला, चेनला, आणि चकाकाव्यात म्हणून चाकांच्या रिमांनाही.

"लेकराला सुखरूप आण, माय," ती मला म्हणाली.

ब्रेकची रबरं त्याच रिमा तर धरतात! पण मला तोंड कुठं आहे? चढावर ब्रेक लागत नाही, त्यामुळे रामकिसनला काहीच कळलं नाही. तो खुशीत चढत होता आणि मी विनवत होते, दम लागू दे, पंक्चर होऊ दे, पण माथा नको.

माथा आलाच. घराकडे परतताना उतारावर त्यानं ब्रेक दाबले, रबरं नुसती घसरली. एक वळण कसंबसं निभावलं. पुढच्याला, घरापासून हाकेच्या अंतरावर, आम्ही कठड्यावर आदळलो. त्याचा पाय मोडला.

पडल्या पडल्या त्यानं रिमेवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि डोळे मिटले. आई धापा टाकत येताना दिसली तसा तो शर्टाच्या बाहीनं माझी चाकं पुसू लागला.

"कसं झालं रं?"

"कुत्रं आडवं आलं, माय."

तिनं माझ्या दांडीवर हात ठेवला. "मी पुजलं व्हतं म्हणून हिनं जीव तरी राखला तुझा."

तो पाय पुन्हा नीट झाला नाही. मी भिंतीला टेकून गंजते आहे. मित्रांनो, आमची निगा जरूर राखा, पण ती कशी राखायची हे घरच्यांना वेळेवर सांगा. रामकिसनला आता ते कधीच सांगता येणार नाही.