मी गळतो म्हणून पाठ होतो

टप... टप... दचकू नका, व्हरांड्याच्या टोकाचा नळ बोलतोय. बोलता बोलता गळतो, त्याला माझा इलाज नाही.

मी पितळेचा. नवा होतो तेव्हा मुली माझ्यात बघून केस सारखे करायच्या. मग आतला रबरी वायसर झिजला आणि मी गळू लागलो. दुरुस्ती किरकोळ होती. पण तेव्हाच शाळेत ‘समस्येतून शिक्षण’ आलं. नागरिकशास्त्राच्या बाईंना परिसरातली एक समस्या हवी होती. ती मी झालो.

तेव्हापासून दरवर्षी चौथीचा वर्ग माझ्याभोवती कोंडाळं करतो. पाणी कोणाचं? जबाबदारी कोणाची? मुलं गटागटाने भांडतात, रंगीत तक्ते करतात. तक्ते भिंतीवर चढतात. मी गळतच राहतो.

यंदा वर्गात एक किडकिडीत मुलगी आहे. सगळे तिला ‘चौकशीबाई’ म्हणून चिडवतात.

“बाई, वायसर बदलला की झालं ना? आमच्याकडे आत्याने बदलला.”

“अगं, आधी विचार करायला शीक. उत्तराची कसली घाई?”

“केला विचार. म्हणूनच तर म्हणते.”

वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती खरंच मुठीत वायसर घेऊन आली. मला वाटलं, सुटलो एकदाचा! तेवढ्यात मुख्याध्यापक आले.

“परवा पाहुणे येणारेत हा पाठ बघायला. नळच दुरुस्त केलास तर बाई शिकवणार काय, कपाळ?”

वायसर त्यांच्या खिशात गेला.

पाहुणे आले त्या दिवशी टाकीत पाणी कमी होतं. मी जेमतेम ठिबकत होतो. शिपाईकाकांनी माझी मान पिळून धार वाढवली. “गळ बाबा नीट, शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

पाठ रंगला. शेवटी पाहुणे म्हणाले, “विचारा, काहीही विचारा.” चौकशीबाईचा हात वर.

“नळ दुरुस्त कधी करायचा?”

पाहुण्यांनी बाईंकडे पाहिलं. फक्त माझाच आवाज.

“वा, छान प्रश्न!” बाई घाईघाईने म्हणाल्या. “यावर पुढच्या वर्षीचा वर्ग विचार करेल.”

टाळ्या पडल्या! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

सगळे गेल्यावर ती एकटी आली. तिने माझ्या तोंडावर बोट दाबून धरलं. किती वर्षांनी मी गप्प झालो! मग घंटा झाली आणि तिला जावं लागलं.

पुढच्या वर्षी चौथीत येणाऱ्या मुलांनो, तक्ते करा, खुशाल भांडा. फक्त एकाने वायसर आणा. आणि मुख्याध्यापक दिसले तर मूठ उघडू नका.