मलमलीनं धरलेलं पाणी

भर दुपारी शेजारच्या तुळजाच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. शिफ्टवर निघालेले यंत्रमाग कामगार, आमचे लूमवालेही, कामतघरच्या आमच्या चाळीत माना उंचावून उभे होते. आत जलबंध महाराजांनी पाण्यानं भरलेला तांब्या उलटा धरला होता. तांब्याच्या तोंडावर मलमल बांधलेली होती, आणि एक थेंब खाली पडत नव्हता.

"देखो, देखो! कपड्याला हजार भोकं. मग पानी का पडत न्हाय? आईनं धरलंय!"

बायकांनी हात जोडले. जोडणारच. लूमवरचे उरलेले मलमलीचे तुकडे आमच्याकडे घरोघर येतात. चक्का त्यात टांगायचा, मटकीला त्यात मोड आणायचे, पुलावाच्या मसाल्याची पुरचुंडी त्याची, आणि नळाच्या तोंडाला गाळणंही त्याचंच. ज्या कापडातून जन्मभर पाणी गळताना पाहिलं, त्यातच ते थांबलेलं दिसल्यावर कोण चकित होणार नाही? शिवाय कापड तुळजाच्याच घरातलं. महाराजांनी ते फक्त तीर्थात बुडवून बांधलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी मीही मान उंचावून पुढे सरकले.

मग माझी नजर खाटेवर गेली. तुळजाचा दोन वर्षांचा भाविक निपचित पडला होता. त्याला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. रडायला तोंड उघडत होता, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"बांधलं पानी!" महाराज गरजले. "तांब्याचं थांबलं, तसं पोटाचं थांबनार. उद्या सूर्य उगवेपर्यंत पोराला एक घोट द्यायचा न्हाय. दिला तर बंधन तुटलं. फिर मेरी जिम्मेदारी नहीं."

जबाबदारी झटकायला महाराजांना हिंदी बरी सापडली!

"तुळजा, आधी पाणी पाज त्याला," मी गर्दीतून वाट काढत म्हटलं. "आणि रिक्षा बोलव. दवाखान्यात न्यायला हवं."

"टीचर, सकाळी पाजलं तर लगेच जुलाब झाला," तुळजा रडकुंडीला आली होती. "पाण्यानंच तर होतंय ना?"

काय सांगायचं? अंगातलं पाणी निघून चाललंय, म्हणून हिनं वरून द्यायचंही बंद केलं होतं. आणि हा बुवा त्यावर शिक्का मारत होता.

"टीचरला शंका हाय!" महाराजांनी तांब्या जरासा तिरका केला, भसकन पाणी बादलीत ओतलं आणि रिकामा तांब्या मलमलीच्या दुसऱ्या तुकड्यासकट माझ्या हातात दिला. "करा तुमी. श्रद्धा नसेल त्याच्या हातात आई पानी धरत न्हाय."

मी घाईघाईनं तांब्या काठोकाठ भरला, कापड बांधलं, उलटा केला. सगळं पाणी माझ्या पायांवर. लोक हसले. तुळजानं भाविकला माझ्यापासून लांब, छातीशी ओढून घेतलं.

"सांडनारच, पोरी," शेजारच्या पुतळाबाई हळूच म्हणाल्या. महाराजांना त्यांनीच बोलावलं होतं. "नातवाला असेच जुलाब लागले तवा माझ्या हातात पन सांडलं व्हतं, मागच्या पावसाला. माझीच श्रद्धा कमी पडली. मंग नातू न्हाय रायला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोर गमावलेल्या बाईच्याच माथी या माणसानं खापर फोडलं होतं!

पण रागानं पाणी थांबत नसतं. मी मनाशी आठवलं. महाराजांचं कापड ओलं होतं, माझं कोरडं. त्यांचं ताणून बांधलेलं, माझं झोळीसारखं लोंबणारं. मी कापड साध्या नळाखाली चिंब भिजवलं, तांब्या पुन्हा भरला आणि कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणून बांधलं.

"सगळ्यांनी ऐका," मी म्हटलं. "या महाराजांवर माझी काडीचीही श्रद्धा नाही. आईचं नावही मी घेत नाहीये."

झटक्यात तांब्या उलटा केला. पाणी थांबलं.

"ओल्या कापडाच्या प्रत्येक भोकात पाण्याचा पातळ पडदा ताणला जातो आणि खालून हवा त्याला रेटून धरते. कापड कोरडं नि ढिलं असलं की हवा आत शिरते, पाणी बाहेर येतं. तांब्या तिरका केला तरी तेच." मी तिरका केला. भसकन पाणी पडलं. "हे तांब्यात होतं, तुळजा. पोटात असं काही होत नाही. भाविक सुकत चाललाय."

"दिलंस तर पोर जाईल!" महाराज ओरडले.

तुळजानं त्यांच्याकडे पाहिलं, मग भाविककडे. आणि वाटी-चमचा उचलला. मी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर कालवली. ती चमच्या-चमच्यानं पाजू लागली. कोणीतरी रिक्षा आणली. गर्दी तिकडे वळली तेवढ्यात महाराज मागच्या मागे सटकू पाहत होते. लूमवाल्यांनी त्यांना पोलीस येईपर्यंत प्रेमानं बसवून ठेवलं.

दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळी भाविकनं तुळजाच्या मांडीवर दिवसभरातली पहिली शू केली, आणि ओल्या साडीनिशी ती रडता रडता हसायला लागली. बाकावर पुतळाबाई बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, मंग माझी श्रद्धा कमी नव्हती?"

"नाही, काकी. कापड ढिलं होतं."

त्यांनी पदर तोंडात कोंबला. मी त्यांना जवळ घेतलं.

म्हणून तुम्हाला सांगते. मलमलीनं गाळ जातो, जंतू जात नाहीत. पाणी गाळा आणि उकळाही. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तोच प्रयोग स्वतःच्या हातानं करून बघा, आणि एकदा फसला तर पुन्हा करा. आणि जुलाब लागलेल्या मुलाचं पाणी कोणाच्याही सांगण्यावरून तोडू नका. घोट-घोट मीठ-साखरेचं पाणी द्या आणि दवाखाना गाठा. पुतळाबाईंच्या नातवाला तेवढंच हवं होतं.