जोडीनं सोडलेला सिनेमा

कारंज्याच्या कापड ओळीतला गुलाबचंद सिनेमाला इतका विटला होता, की नुसता भोंगा ऐकू आला तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. भोंगा असायचा सोमलाच्या हातात. बैलबंडीच्या दोन्ही बाजूंना रंगीत पाट्या बांधून हा सोमला गावभर फिरायचा आणि दर खेपेला त्याच जोमानं ओरडायचा, की असा खेळ गावात कधी आलाच नाही. आता कधी आला नाही म्हणायलाही काही लाज पाहिजे! आधी 'सात सुराही' आला. तो चालला म्हणून वर्षाच्या आत 'सात सुराही का चोर' आला. मग 'सात सुराही की बेटी' आला. सुराहीला बेटी कशी होते, हे विचारायची सोय नव्हती. कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या मागच्या पटांगणात तंबू ठोकलेला, मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं पिक्चरची पेटी उतरली, की गाव खिशात चार आणे घेऊन तयारच.

गुलाबचंदची मतं मात्र दुकानात फुकट मिळत. गिऱ्हाईक मांजरपाट घ्यायला आलं तरी आधी विचारी, शेठ, कसा आहे पिक्चर? गुलाबचंद गज बाजूला ठेवून सांगे. राजा आंधळा होतो, वजीर उलटतो, शहाजादा न्हावी होऊन राजवाड्यात शिरतो, तळघरातली पोरगी दोन गाणी म्हणते, आणि शेवटी वजीर विहिरीत पडून मरतो. पुढच्या भागात त्याच वजिराचा भाऊ. माणूस तोच, फक्त मिशी खाली वळवलेली. शिळ्या कढीला ऊत आणायचा तरी किती वेळा, म्हणे. ऐकणारा मान डोलवी आणि मांजरपाट बगलेत मारून थेट तंबूकडे जाई. गुलाबचंदच्या मताला गावात मान होता, उपयोग नव्हता.

मग हा गृहस्थ स्वतः कशाला जात होता? तर बायकोपायी. राजमतीला पिक्चरचं वेड आहे, असं त्यानं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. नवा खेळ आला, की ती काही बोलायची नाही, पण त्या दिवशी स्वयंपाक लवकर व्हायचा. जैनाच्या घरात दिवस असतानाच जेवणं आटोपतात. त्या दिवशी ती दिवस बराच वर असतानाच आटोपत. मग सासू, हीराबाई, म्हणायच्या की जा घेऊन तिला. हीराबाई करड्या खऱ्या, पण त्यांना स्वतःला जत्रेतला तंबू बाहेरूनसुद्धा पाहायला मिळाला नव्हता, आणि ते त्या विसरल्या नव्हत्या.

तंबूत काही नवराबायको शेजारी बसत नसत. बायका कनातीच्या पलीकडे, पुरुष अलीकडे. खेळ सुटला, की जिनापासून घरापर्यंतचा रस्ता तेवढा दोघांचा. पाव घंट्याची वाट. रीतीप्रमाणे गुलाबचंद पुढं चाले, राजमती दोन पावलं मागं. तो पुढं तोंड करून पिक्चरच्या नावानं बोटं मोडी आणि ती मागून पिक्चरची बाजू घेई. एकदा तो म्हणाला, पहिल्या भागात एक सुराही फुटली, तर दुसऱ्या भागात सात कुठून आल्या, मोजायची तरी अक्कल पाहिजे. मागून आवाज आला, "रानीनं माहेरून आनली असन." गुलाबचंदला त्या भर रस्त्यात इतकं हसू आलं, की कुत्री भुंकायला लागली.

एरवी त्या घरात नवराबायकोनं बोलावं कुठं? अकरा माणसांचं खटलं. दिवसा थोरामोठ्यांसमोर बायकोशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. रात्री बोलावं, तर पलीकडे चांदमल काका निजलेले आणि मधे नुसती फळ्यांची भिंत. काकांना झोप कमी आणि चौकशा जास्त. तेव्हा खोलीत दोनच वाक्यं चालत, पाणी ठेव आणि दिवा बारीक कर. जे काय बोलणं व्हायचं ते त्या पाव घंट्यात. गुलाबचंदला याची जाणीव नव्हती असं नाही. पण माणूस थकला, की त्याला आधी स्वतःचीच पाठ दुखते. दिवसभर दुकानात बसायचं आणि वरून तीन घंटे तोच वजीर. नको झालं होतं त्याला.

त्या साली कारंज्यात एका महाराजांचा चातुर्मास होता. दशलक्षण पर्वातला त्यागाचा दिवस आला. मंदिरात मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक एकेक करून उठत आणि आपल्या आवडीचं काहीतरी सोडत. कुणी गूळ सोडला, कुणी पायताण सोडलं, एका म्हातारीनं पेरू सोडले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाबचंद बसल्या बसल्या हिशेब करत होता, की आपण काय सोडावं म्हणजे फार दुखणार नाही. आणि त्याला एकदम सुचलं. साप भी मरे, लाठी भी न टूटे. तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, चातुर्मासात सिनेमा पाहणार नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून चांदमल काका खाकरले.

"काहून रे गुलाब," ते म्हणाले, "पावसाच्या दिवसात तंबू असते तरी कुठं?"

झालं. अख्खी सभा हसली. बायकांच्या बाजूनंही खसखस पिकली, आणि महाराजसुद्धा हसले असं गुलाबचंदला वाटलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळिशीकडे झुकलेला माणूस, चार लोकांत बसणारा-उठणारा. त्याला कोणी चोर पकडल्यासारखं हसावं! तो बसला असता तर तिथंच संपलं असतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मंग आजन्म," तो म्हणाला.

हसू थांबलं. लोकांनी जयजयकार केला. आता त्या घराची एक रीत होती, गुलाबचंदच्या आजोबांपासूनची. चार महिन्यांचा नियम एकट्यानं घ्यावा, पण जन्माचा नियम जोडीनं. एकानं सोडायचं आणि दुसऱ्यानं त्याच्यासमोर खायचं, अशानं नियम टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हीराबाईंनी शेजारी बसलेल्या सुनेच्या कोपराला हात लावला. राजमती उठून उभी राहिली. तिनं पदर पुढं ओढला, हात जोडले. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उभं राहणं हाच होकार. तिचा चेहरा गुलाबचंदला दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं पाहिलाही नाही. सुराहीपासून जन्माची सुटका झाली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दिवाळीच्या सुमारास आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. राज्य बदललं, पण सोमला बदलला नाही. थंडी पडताच तंबू उभा राहिला आणि बंडीवरून आरोळी आली, 'सात सुराही का बदला', असा खेळ कधी आलाच नाही. गुलाबचंद गालातल्या गालात हसला आणि त्या दिवशी जेवून जो आडवा झाला, तो सकाळीच उठला. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठ दिवस मोठ्या सुखाचे गेले.

मग दुकानात गिऱ्हाइकं येऊ लागली. आता विचारायची नाहीत, उलट सांगायची. शेठ, वजिराचा तिसरा भाऊ निघाला! गुलाबचंद खो खो हसला, आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हे राजमतीला सांगितलं पाहिजे. सांगणार कुठं? संध्याकाळी पंगत बसली होती, ती वाढत होती. त्यानं ताटाकडे पाहत जरा मोठ्यानं म्हटलं, की वजिराचा तिसरा भाऊ निघाला म्हणे. हीराबाईंनी विचारलं, कोणाचा भाऊ? काका म्हणाले, कोणता वजीर, म्युन्शिपालटीतला? राजमतीनं वरण वाढलं आणि ती पुढच्या ताटाकडे गेली. जणू कानावर आलंच नाही.

तिथून गुलाबचंदचं काही खरं राहिलं नाही. आधी सिनेमानं थकला होता, आता सिनेमावाचून थकला. रात्री दिवा बारीक कर म्हणायचा आणि अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचा. बायको शेजारी जागी आहे हे कळायचं, पण बोलायला तोंड उघडलं की पलीकडे काका कूस वळत. महिना गेला. राजमती कामात कुठं चुकत नव्हती, कुणाला उलटून बोलत नव्हती. पण पूर्वी कधीमधी तिच्या चेहऱ्यावर एक मिश्कील रेष यायची, ती आता येत नव्हती. गुलाबचंदला भीती वाटली. आपल्या फुकाच्या ऐटीपायी हिचा जीव मारला, असं त्याच्या मनानं घेतलं.

एका दुपारी घरातली सगळी माणसं बारशाला गेली होती. गुलाबचंद दुकान नोकरावर टाकून घरी आला. राजमती अंगणात तूर निवडत होती. तो उभ्या उभ्याच म्हणाला, की तुला विचारल्याशिवाय बोललो, चूक झाली. महाराजांकडे जातो, काय प्रायश्चित्त देतील ते घेतो आणि नियम सोडवून आणतो. तुला पिक्चरचा एवढा शौक.

राजमतीनं सूप खाली ठेवलं. "नियम म्हनजे काय खुटीवरची टोपी होय, घातली अन् काढली?"

"मंग तू अशी गप्प गप्प काहून राहून राहिली?"

"बोलू कुठं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "या घरात मले बोलाले एक रस्ता होता. जिनापासून घरापावतर. लोक हसले म्हनून तो तुमी भर सभेत देऊन टाकला. मले एका शब्दानं विचारलं नाही. पिक्चर गेला चुलीत. मले राग आला आहे तुमचा, लय राग आला आहे."

एवढं बोलून तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. लग्नाच्या अकरा वर्षांत ती रागावल्याचं त्यानं पहिल्यांदा ऐकलं. तो तसाच दुकानात परत गेला आणि एका बाईला तीन गज मागितले असताना चार गज फाडून बसला.

त्या दिवशी संध्याकाळी जेवणं झाली, उजेड अजून होता. सगळी माणसं ओसरीवर बसलेली. गुलाबचंदनं जोडा पायात घातला, दाराशी गेला आणि वळून हाक मारली, "राजमती."

बायकोला नावानं, आईसमोर, काकासमोर! हीराबाईंच्या हातातली माळ थांबली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. राजमती पदर सावरत दाराशी आली.

"चाल, जरा फिरून येऊ."

काकांनी विचारलं, कुठं? गुलाबचंद म्हणाला, कुठंच नाही. कुठंच नाही तर जोडा कायले घातला, काका म्हणाले. त्यावर कुणी हसलं नाही. हीराबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग माळ पुढं सरकवत म्हणाल्या, की अंगावर काही घे, बाहेर गारठा आहे.

ती दोघं जिनाच्या बाजूला गेलीच नाहीत. टेसनाच्या रस्त्याला लागली. तो पुढं, ती दोन पावलं मागं, सवयीनं. आणि गंमत पाहा, एवढा बंडखोरपणा करून घराबाहेर पडलेल्या माणसाला बोलायला काही सुचेना. आईच्या गुडघ्यांचं बोलावं? कापसाचं बोलावं? वजीर नाही, सुराही नाही, नावं ठेवायला काही म्हणजे काही नाही. अकरा वर्षं आपण हिच्याशी बोललो ते नेमकं काय बोललो, हे आठवताना त्याला घाम फुटला. शेवटी तो पुढं तोंड ठेवून म्हणाला, "पाय दुखून राहिले का तुये?"

उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तरी नाही. राग गेला नाही अजून, असं समजून तो मुकाट्यानं चालत राहिला. रूळ ओलांडल्यावर राजमती भराभर दोन पावलं पुढं आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बरोबरीनं, त्याच्या डाव्या हाताला चालू लागली.

"काही म्हनलं का तुमी? इकडून बोला. मले डाव्या कानानं आइकू येत नाही."

गुलाबचंद थांबला. "कधीपासून?"

"चार वर्सं झाले. कान फुटला होता तवापासून. तुमी पुढं तोंड करून बोलत, तर अर्धं आइकू ये. बाकीचं मी आपलं मनानं जोडून घेत जाय."

"अन् पिक्चर?"

"त्यातलं तर काहीच नाही. कनातीमागं पोरं रडत."

चार वर्षं. चोर, बेटी आणि कितीतरी इतर खेळ, आणि प्रत्येक खेळानंतरची ती वाट. त्यानं हळूच विचारलं, "मले सांगितलं काहून नाही?"

राजमतीनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात आता राग नव्हता, नुसता थकवा होता.

"मधात कुठं सांगू? तुमचं पिक्चरचं चालू राहे."