वाडगं न् झेंडा

नागपुराच्या एका अंगाला संत्र्यांचा मळा होता. मळ्यात दादाजी राहायचा, त्याची बायको कौशल्या राहायची, आणि छपरीतल्या खिळ्यावर मी. मी पत्र्याचा ठसा बोलतोय. मला खोक्यावर दाबून धरायचं आणि वरून काळा रंग फिरवायचा. माझ्या अंगाला जिथं भोक, तिथं खाली अक्षर उमटतं. म्हणजे जिथं मी नाही, तेवढंच माझं बोलणं.

माझ्याआधी या घरात अक्षराचं काम नव्हतं. कौशल्या दर टोपल्याला आपल्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी बांधायची. बाजारात दलाल चिंधी पाहूनच सांगत, हा कौशल्याबाईचा माल.

त्या साली कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्यानं तीस खोकी पाहायला मागवली. पसंत पडली तर सगळा बहार, म्हणजे हंगामाचं सगळं फळ, तो घेणार. दादाजीनं आधीच सांगून टाकलं होतं, यंदा माल बाहेर गेला नाही तर झाडं तोडायची न् कापूस पेरायचा. कौशल्यानं सात वर्षं घागरीनं पाणी घालून ती झाडं जगवली होती.

दोघं स्टेशनावर गेले. पार्सलचा कारकून कृष्णकांत म्हणाला, इथं चिंधी चालत नाही, खोक्यावर इंग्रजीत पाहिजे.

"काहून?" कौशल्यानं विचारलं. "संत्रं तर मराठीतच पिकलं न?"

तो हसला आणि कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. एक, 'धिस साइड अप', म्हणजे ही बाजू वर, खोकं उलटं ठेवून फळ दबू नये म्हणून. दुसरी, कलकत्ता.

इतवारीतल्या मारोतराव टिनवाल्यानं घासलेटच्या डब्यातून मला कापलं. इंग्रजीतलं त्याच्या ओळखीचं 'अप' तेवढं, तेही स्टेशनातल्या पाटीमुळं. यू म्हणजे एक वाडगं न् पी म्हणजे एक झेंडा. ओळखीच्या पाहुण्याला पाट द्यावा तशी ती दोन अक्षरं त्यानं मधोमध, वीतभर मोठी कापली. झेंड्याच्या पोटातला तुकडा गळू नये म्हणून पत्र्याचा जोडही ठेवला. 'धिस साइड' न् कलकत्ता मात्र कोपऱ्यात, बारीक, आणि तिथं जोड विसरला. अक्षरांची पोटं गळून पडली. रंग फिरवला की तिथं नुसते डाग.

खोकी भरताना कौशल्यानं गवतात एकेक चिंधी ठेवलीच.

आठ दिवसांनी कलकत्त्याहून तार आली, माल पोचला नाही, सौदा मोडला. दादाजी धावत स्टेशनावर गेला. चंद्रभान हमालानं शाळा पाहिली नव्हती, पण तोही वाडगं न् झेंडा ओळखायचा. मुंबईकडं जाणारी गाडी ती अप, कलकत्त्याकडं जाणारी डाऊन.

"अप लिवलं हाये न गा त्याच्यावर? मंग मी काय डाऊनमंदी टाकू?" तो म्हणाला.

पावतीवर गाव बरोबर होतं. पण पावती दादाजीच्या खिशात होती, आणि खोकी चंद्रभानाच्या डोक्यावर.

घरी येऊन दादाजीनं कुऱ्हाडीला धार लावली. पहिल्या झाडाशी कौशल्या पाठ टेकून बसली.

"फळानं काय बिघडवलं? अक्षरानं बिघडवलं," ती म्हणाली. "तोडाचंच असंन तर तो पत्रा तोडा."

मी खिळ्यावरून ऐकत होतो. मला काही वाटलं नाही. पत्र्याचं पुन्हा काहीही होतं. पण दादाजीनं ना मला तोडलं, ना झाड. कुऱ्हाड त्यानं छपरीत नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी कृष्णकांत स्वतः मळ्यात आला. हातात नागपूर स्टेशनाच्या पत्त्यावर आलेलं मुंबईच्या व्यापाऱ्याचं पाकीट, पाकिटात हिरवी चिंधी. तीस बेवारस खोकी आली, दोन दिवसांत खपली, लोक परत मागताहेत. ही चिंधी ज्याची, त्याचा सगळा बहार आम्ही घेतो, असं त्यानं लिहिलं होतं. खाली एक अट होती, की खोक्यावर तेच 'अप' पाहिजे, कारण गिऱ्हाईक त्याच नावानं विचारतं.

तेव्हापासून या घराला सारे अपवाले म्हणतात. आता माझी भोकं रंगानं बुजलीत, नवा ठसा व्हायचाय. परवा नात प्रेमिला इंग्रजी शाळेतून आली आणि मला वाचून म्हणाली, "आजी, याच्यात आपलं नावच नाही."

"आता हेच आपलं नाव हाये वं," कौशल्या म्हणाली.

नव्या ठशाला पोटाचा जोड ठेवा, आणि गवतात चिंधी टाकायला विसरू नका, एवढंच माझं मागणं. तीस खोक्यांची कहाणी, एका वाडग्यात न् एका झेंड्यात मावली. झाडं उभी राहिली, खोकी अपनं गेली, घर वर आलं.