वरच्या सभागृहातल्या दोन खुर्च्या

ताई गावी आली ती थेट कालव्यावरच. मी पाण्याच्या दरवाजाच्या चाकाला ग्रीस लावत होतो. दोन वर्षं ती राजधानीत बसून राज्यघटना लिहीत होती, आमच्या चिमूटभर प्रांताची प्रतिनिधी म्हणून. पिशवी टाकून ती कट्ट्यावर बसली. चेहरा इतका उतरलेला की मला चिडायचंही जिवावर आलं. तरी चिडलोच.

"नदी देऊन टाकलीस म्हणे?"

"अनेक प्रांतांतून वाहणाऱ्या सगळ्याच नद्या केंद्राकडे गेल्या. एकट्या आपलीच नाही."

"आणि आपल्या पदरात काय पडलं?"

"वरच्या सभागृहात दोन जागा. सगळ्यात मोठ्या प्रांतालाही दोनच."

"वा! मग आता लोकांनी तहान लागली की खुर्च्या चाटायच्या!"

ती हसली नाही. "खालच्या सभागृहात डोकी मोजतात. तिथे आपल्याला कोण विचारतंय? वर तरी सगळे सारखे."

मी खिशातला हुकूम तिच्यापुढे धरला. सकाळीच आला होता, नव्या राज्यघटनेखालचा आमच्याकडचा पहिला. कालव्याचा दरवाजा आठवडाभर बंद ठेवा, नदीचं पाणी खालच्या प्रांताला जाऊ द्या. आमच्या शेतांत रोपं नुकती लावलेली. काठावर माणसं जमली होती, माझ्या हातांकडे बघत.

"आणि मी नाही बंद केला तर? इथे कोण बघायला येतंय?"

"नको करूस बंद," ताई म्हणाली. "मग वरचा प्रांतही धरणाची दारं उघडणार नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांनी पाणी अडवलं तेव्हा बाबांची बाग उभी वाळली. तेव्हा कोणाकडे दाद मागितलीस?"

कोणाकडे मागणार? दाद मागायला जागाच नव्हती. बाबा रोज बादलीनं पाणी घालायचे.

मी चाक धरलं. ते हलेना. ताई उठली, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावू लागली.

"बाई, यासाठी पाठवलं होतं तुम्हाला?" काठावरून कोणीतरी ओरडलं.

तिनं मान वर केली नाही. आम्ही दोघांनी दरवाजा खाली उतरवला. कालव्यातलं पाणी हळूहळू ओसरलं. माणसंही एकेक करून पाठ फिरवून निघून गेली. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं.

"आपल्या वेळेला वरच्या प्रांतानं नाहीच उघडलं तर?" मी विचारलं.

"तर वरच्या सभागृहात बसून भांडेन. कोर्टातही जाईन."

"आत्ताच एवढी दमलीस. किती वर्षं भांडशील?"

"दमलेच आहे रे," ती चाकाला टेकत म्हणाली. "म्हणून तर एका जागेवर ऐकलं नाही, दोन मागून घेतल्या. दुसऱ्या खुर्चीवर तू चल."

मी ग्रीसचे हात पँटला पुसले आणि तिची पिशवी उचलली.