हेमाच्या पायातला दोरा

२००३ सालची गोष्ट. मळमड्डीच्या चौकात मुंगीला वाट नव्हती. दोन विटांवर वीतभर रुंद फळी, पलीकडे समई आणि फळीवर मधुकर मास्तरांची हेमा. वय बावीस, समज सहाची. सपाट अंगणातही धडपडणारी. आज मात्र पाण्यावरून पान जावं तशी निघाली.

"नोडू, नोडू!" बघ, बघ म्हणत कुणीतरी कानडीत ओरडलं.

"पायात दोरा, दोऱ्यात देवी, देवीपुढं डाक्टर म्हणजे भिजका पापड!" नागोजी महाराज गरजले. "ज्योतीकडं बघ पोरी! नजर हलली की देवी हलली!"

हेमा पार झाली. शेजारच्या यमुनाक्का डोळे पुसत पुढं आल्या. "माझ्या किरणला फिट येतात, महाराज. त्यालाही बांधा."

"बांधतो. आधी गोळ्या गटारात टाक. देवीला सवत चालत नाही."

अक्कांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली.

मास्तरांची कानशिलं तापली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस! हेमा का पडली नाही, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठ महिने ते तिला स्कूटरवरून सप्तापुरात, संजीव सरांच्या कराटेवर्गात नेत होते. गल्लीत मात्र सांगितलेलं, शिवणाला जाते. खुळी पोर लाथा मारायला शिकते म्हटल्यावर लोक हसले असते. आज तिला देवीची म्हणतील, एवढ्या लोभापायी ते गप्प उभे होते.

"थांबा अक्का!"

त्यांनी वाकून दोरा सोडला, समई बाजूला ठेवली आणि तिच्या जागी स्वतः उभे राहिले. "हेमा, माझ्या बटणाकडं बघत परत ये. वर्गात भिंतीवरच्या लाल टिकलीकडं बघतेस तशी."

हेमा आली. मधेच थांबून, कुणी न सांगता, एक गुडघा कमरेपर्यंत उचलून उभी राहिली.

"देवी अजून अंगात आहे!" महाराज म्हणाले.

"मग दोरा कशाला बांधला हो?" गर्दीतून एक बाई म्हणाली. हशा पिकला.

मास्तर हसले नाहीत. "दोरा आज सकाळचा आहे. ती आठ महिने कराटेच्या वर्गात खडूच्या रेघेवर चाललीय. पडली, उठली, पाय बळकट झाले. नजर एका जागी लावली की तोल सावरतो. समई त्यासाठीच होती. पटत नसेल तर स्वतः करून बघा. आणि अक्का, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही चुकवू नका."

"मग शिवण?" अक्कांनी विचारलं.

"खोटं बोललो. पोरीची लाज वाटायची. मी झाकलं, म्हणून यांना चमत्कार मांडता आला."

अक्कांनी पट्टी पिशवीत ठेवली. "आमच्या किरणला घेतील तिथं?"

मास्तरांच्या आधी हेमाच म्हणाली, "पाचला या. पडलं तरी सर रागवत नाहीत."