बंद खोलीतली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. विस्तवाने हात भाजतो म्हणून सगळे त्याला घाबरतात. माझी भीती वेगळी आहे. मला माझ्या श्वासाची भीती वाटते.

माझा जन्म दौलताबादच्या पलीकडच्या डोंगरावर, मेंढपाळांच्या एका वस्तीवर झाला. मुंजाबाने तेलाचा रिकामा डबा कापला, खाली राखेसाठी तोंड ठेवले, मधे जुन्या सळयांची जाळी बसवली आणि वर तारेची कडी लावली. त्याची बायको मंजुळाबाई. तिने मला आतून मातीचे अस्तर दिले. माती तडकू नये म्हणून तिने त्यात लोकरीचे तुकडे मळले होते. त्यांची लेक रत्नमाला तेव्हा सात वर्षांची होती.

"शेगडीला बी स्वेटर घातलं का गं माय?" तिने विचारले.

"घातलं. तुझ्यावानी नाक गळाया नको तिचं," मंजुळाबाई म्हणाली.

डोंगरावर थंडी लवकर उतरायची आणि उशिरा जायची. दिवस मावळता मेंढरे वाड्यात शिरली की तिघे माझ्याभोवती बसत. मुंजाबा चातीवर लोकरीचा धागा काढायचा आणि त्याच्या गोफणी वळायचा. गोफणी किती लागणार? दोन. तो वर्षाला वीस वळायचा आणि येईल त्याला देऊन टाकायचा. मंजुळाबाईचा छंद कोड्यांचा. भाकरी थापता थापता ती कोडे टाकायची.

"दात नाय, पोट मोठं. काळं खातं, तांबडं व्हतं, पांढरं टाकतं. सांग!"

"समोरच बसलीय की, शेगडी!" रत्ना म्हणायची. "सोपं घालू नको ना माय."

मला तेव्हा फार अभिमान वाटे. माझ्या तोंडातून वारा वाहता असायचा. झोपडीच्या कुडाला फटी होत्या, दाराला गोणपाट होते. त्या फटींना सगळे नावे ठेवत. त्या आमचा केवढा सांभाळ करत होत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

एका हिवाळ्यात कडाका फार पडला. दोन कोकरे नुकतीच जन्मली होती. मुंजाबाने त्यांच्या खुराड्यात मला ठेवले आणि वरून ताडपत्री घट्ट बांधली. सकाळी ताडपत्री सोडली तेव्हा दोन्ही कोकरे मान टाकून पडली होती.

"थंडीनं गेली," मुंजाबा म्हणाला.

मंजुळाबाईने एकाच्या पोटावर हात ठेवला. "थंडीनं कशी जातील? अंग तर गरम हाय."

मला मात्र संशय आला. निखारे लाल झाले की माझा धूर थांबतो. लोक म्हणतात, आता शेगडी चांगली पेटली. पण धूर संपल्यावरही माझ्यातून काहीतरी निघत राहते. त्याला रंग नाही, वास नाही. मोकळ्या वाऱ्यात ते विरून जाते. बंद जागेत ते कुठे जात असेल? त्या सकाळपासून मी स्वतःला घाबरू लागले. पण शेगडीला बोलता येत नाही. तिला फक्त जळता येते.

पुढे रत्नमालेचे लग्न झाले आणि ती शहरात, पुंडलिकनगरात राहायला गेली. तिचा नवरा रामप्रसाद कारखान्यात पाळीवर जायचा. ती गरोदर राहिली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की डोंगरावर जाऊ नका, दवाखाना लांब पडेल. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत होती. मंजुळाबाईने त्यावर उपाय काढला. दिवस भरत आले तशी तिने मला गोणीत घातले आणि जीपमधून लेकीच्या दारात आणून ठेवले.

"तू माहेरी यीना, मग म्या माहेरच घिऊन आले," ती म्हणाली.

ऐन पौषात रूपाचा जन्म झाला. घरी आल्यावर मंजुळाबाईने रोज सकाळी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालून खाटेवर निजवावे, मला खाटेखाली सारावे आणि निखाऱ्यांवर ओवा टाकावा, असा क्रम सुरू झाला. खोली पक्की होती. खिडकीला सरकत्या काचा होत्या, त्यांना रबर होते. तरी मंजुळाबाईला धीर नव्हता. बाळंतिणीला वारे लागू नये म्हणून तिने खिडकीच्या फटीत कागद कोंबले आणि दाराखाली जुने लुगडे सारले.

मी खाटेखालून त्या बंद खिडकीकडे पाहत होते. मला ताडपत्री आठवत होती.

पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी रत्ना म्हणाली, "माय, डोकं लई जड झालंय."

"बाळंतपणात व्हतंच तसं. नीज जरा."

तिसऱ्या दिवशी थंडी वाढली, म्हणून मंजुळाबाईने कोळसे जास्त घातले. दार ओढून ती स्वयंपाकघरात अळिवाची खीर करायला गेली. दाराआडूनही तिचा छंद चालू होताच. पहिल्या कोड्याचे उत्तर रत्नाने ओढलेल्या आवाजात दिले. बाळ एकदा कुरकुरले, मग गप्प झाले. मी विझायचा प्रयत्न केला. पण विझणे निखाऱ्याच्या हातात नसते. तो कुणाला तरी विझवावा लागतो.

"रत्ने, आता हे सांग. अंगावरनं काढलं तरी रडत नाय, दर साली नवं येतं!"

मेंढपाळाच्या घरचे हे सर्वांत सोपे कोडे. मेंढीची लोकर. रत्नाने ते चार वर्षांची असताना सोडवले होते म्हणे.

उत्तर आले नाही.

"झोपली का गं?" पळी थांबली. "रत्ने?"

मग दार धाडकन उघडले. मंजुळाबाईने लेकीला हलवले. मान एका बाजूला कलंडली. तिने बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि तो हात तिथेच थिजला. अंग गरम होते.

"कोकरावानी!" ती किंचाळली.

इतक्या वर्षांनी तिला उत्तर सापडले होते. तिने बाळ उचलून उघड्या गॅलरीत, थंड वाऱ्यात नेले. शेजारच्या करुणाताई धावत आल्या. "मावशी, अहो तान्ह्या बाळाला वाऱ्यात काय नेताय!"

"लागू दे वारं! लागू दे! माझ्या रत्नीला भाईर काढ आधी!"

करुणाताईंनी रत्नाला ओढत बाहेर आणले. मंजुळाबाईने बाळ त्यांच्याकडे दिले, आत येऊन माझी तापलेली कडी उघड्या हाताने धरली आणि मला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला फेकले. माझे अस्तर एका बाजूने फुटले. तिच्या तळव्यावर कडीचा चट्टा उमटला, तो कायमचा. गॅलरीत बाळाने एक बारीक उचकी दिली आणि मग रडू फोडले. त्या आवाजाइतके गोड मी काही ऐकलेले नाही. रिक्षा आली. दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. दोन दिवसांनी दोघी घरी आल्या.

मला वाटले, आता मला भंगारात देतील. मंजुळाबाईने मला घासले, नवी माती लिंपली आणि गच्चीवर नेऊन ठेवले. "हिचा काय दोष? दारं म्या लावली," ती म्हणाली. त्यानंतर मी पुन्हा कधी खोलीत गेले नाही. मंजुळाबाई दर हिवाळ्यात लेकीकडे यायची; तिचा कोड्यांचा छंद मात्र सुटला नाही. रूपा मोठी होऊ लागली. ती न्हाणीघरात गेली किंवा पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसली की आजी बाहेरून कोडे टाकायची. रूपा रुसून म्हणायची, "मला नाही येत उत्तर." आजी म्हणायची, "चुकीचं सांग, पन सांग."

या दिवाळीनंतर मंजुळाबाई गेली. तापाचे निमित्त झाले. चार दिवस दवाखान्यात होती. शेवटच्या दिवशी रत्ना तिच्या उशाशी बसून एकामागून एक कोडी घालत होती, असे तिने करुणाताईंना सांगितलेले मी ऐकले. आईच्या तळव्यावरचा चट्टा ती अंगठ्याने चोळत होती म्हणे. आवाज आला नाही.

महिनाभर मला कुणी पेटवले नाही. काल संध्याकाळी रत्ना गच्चीवर आली. तिने माझ्यातली राख काढली, कोळसे घातले आणि भुईमुगाच्या शेंगा भाजायला ठेवल्या. रूपा पाण्याच्या टाकीला टेकून घोंगडी डोक्यावरून ओढून बसली होती. मग रत्ना विस्तवाकडे बघत म्हणाली, "अंगावरनं काढलं तरी रडत नाय, दर साली नवं येतं."

घोंगडी हलली नाही. वर उघडे आकाश होते, वारा वाहत होता, तरी माझे निखारे काळे पडले. रत्नाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कॅलेंडर!" घोंगडीतून आवाज आला. "भिंतीच्या अंगावरून काढतात ना!"

रत्ना हसली. महिनाभरानंतर पहिल्यांदा. मग तिने तोंड फिरवले आणि पदराने डोळे टिपले. "चुकलं," ती म्हणाली. "पन बरं झालं सांगितलंस."

मित्रांनो, थंडीत मला जरूर पेटवा. पण मला उघड्यावरच ठेवा. खिडक्या-दारे लावून मला खोलीत घेऊ नका. धूर दिसत नाही म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. आणि तुमच्या घरातले कुणी बंद दाराआड असेल, तर त्याला अधूनमधून काहीतरी विचारत जा. उत्तर चुकले तरी चालेल. आवाज आला पाहिजे.